जपानी शिकताय? रोमन अक्षरं सोडा, मात्रा मोजा

मिसोआमटी

कांजीच्या (म्हणजे जपानीतल्या चिनी चित्राक्षरांच्या) धाग्यावर दोघातिघांनी विचारलं होतं, की जपानीच्या परीक्षेची एन३ पातळी पास झालो तरी जपानी माणूस आमचं वाक्य ऐकून "हं?" का करतो. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा. पहिलं कारण तर उघड आहे. जेएलपीटीत, म्हणजे याच परीक्षेत, सोप्या एन५ पासून अवघड एन१ पर्यंत कुठेही बोलण्याची परीक्षाच नाही. ऐका आणि गोल काळे करा, संपलं. तोंड उघडल्याशिवाय एन१ मिळू शकतं.

दुसरं कारण जास्त त्रासदायक. आपली मुलं जपानी शब्द रोमन लिपीतून, इंग्रजीच्या वळणाने वाचतात आणि मराठी कानाला जे आयतं मिळालंय ते वापरतच नाहीत. मी पुण्यात शनिवार-रविवार शिकवते, त्यामुळे हे रोजचं रडगाणं आहे.

सगळ्यात आधी मात्रा. जपानीत शब्दाची लांबी 'हाकु'मध्ये मोजतात. हाकु म्हणजे जवळजवळ आपली छंदातली मात्राच. शाळेत लघु-गुरू पाडले असतील तर निम्मं काम झालंय. ऱ्हस्व स्वर एक मात्रा, दीर्घ स्वर दोन. जोडाक्षराच्या आधीचं अक्षर गुरू होतं ना? इथेही अगदी तसंच. 'किते' म्हणजे 'ये' (किंवा 'येऊन'), मात्रा दोन. 'कित्ते' म्हणजे पोस्टाचं तिकीट, मात्रा तीन, कारण 'त्त'मुळे 'कि' जड झाला. अनुस्वारानेही अक्षर गुरू होतं, म्हणून 'शिंबुन्' (वर्तमानपत्र) चार मात्रांचा. फरक एवढाच, की आपल्या छंदात ए-ओ नेहमी गुरू असतात, जपानीत ते ऱ्हस्वही असतात.

आता तोक्यो घ्या. आपण 'टोकियो' म्हणतो. खरा शब्द 'तोओक्योओ', चार मात्रा. ओसाका हा 'ओओसाका', पुन्हा चार. क्योतो मात्र 'क्योओतो', तीनच. हायकूचे ५-७-५ सुद्धा या मात्रांचेच असतात. मराठीत आपण ते अक्षरांचे केले, ती आपली सोय.

मात्रा चुकली की नुसता उच्चार वाईट होत नाही, शब्दच बदलतो. 'ओबासान्' मावशी किंवा काकू, 'ओबाआसान्' आजी. 'बिरु' इमारत, 'बीरु' बिअर. 'युकि' बर्फ, 'यूकि' धैर्य. 'ओतो' आवाज, 'ओत्तो' नवरा. 'साका' चढण, 'साक्का' लेखक. चाळिशीतल्या शेजारणीला एक मात्रा जास्त दिलीत तर परिणाम तुमचे तुम्ही भोगा.

द्वित्वात आपल्याला अडचण यायला नको. आपण 'आता' आणि 'आत्ता' यांत कधी गोंधळतो का? पण रोमनमध्ये दोन 'टी' दिसले की मुलं इंग्रजीसारखा एकच उच्चारतात. थांबा की जरा त्या 'त्त'वर!

तिसरी आयती मिळालेली गोष्ट म्हणजे आपले दोन 'च' आणि दोन 'ज'. हिंदीवाल्यांना 'त्सुनामी' म्हणताना कसरत करावी लागते, आपण 'चुना', 'चूल', 'चोर' रोज म्हणतो. तोच तो 'त्सु'. आणि गंमत पाहा. मराठीत 'चि' नेहमी चिमणीतला असतो, 'चु' बहुतेक वेळा चुन्यातला. जपानी त-ओळ म्हणा: ता, चि, त्सु, ते, तो. इ आला की टाळूकडचा, उ आला की दातांकडचा! 'ज'चंही तेच. 'जि' जीवातला, 'जु' जुन्यातला, 'जो' जोरातला. 'दोओजो' (घ्या, या, बसा) म्हणताना जोरातला 'जो'.

स-ओळ आहे सा, शि, सु, से, सो. मुलं विचारतात, मॅडम मधेच 'शि' कुठून आला? मी विचारते, हिंदीत 'सीना', मराठीत 'शिवणे'. हिंदीत 'सीखना', मराठीत 'शिकणे'. तुमच्या घरात कुठून आला?

आता देवनागरीच्या खोड्या, म्हणजे मी एकतर्फी बोलते असं कुणी म्हणायला नको.

एक, आपला 'ट'. परदेशी शब्द दिसला की आपण मूर्धन्य करून टाकतो. टोयोटा, होंडा, कराटे. जपानीत ट-ड-ण नाहीतच. तोयोता, होन्दा, काराते.

दोन, शुद्धलेखनाचा नियम. शेवटचा इकार-उकार आपण दीर्घ लिहितो: सुशी, सुझुकी, नागासाकी. जपानीत तो ऱ्हस्व आहे आणि तिथे दीर्घाला अर्थ आहे. म्हणून मी वर्गात 'सुशि', 'नागासाकि' असंच लिहिते, आणि ए-ओ दीर्घ असेल तर स्वर दोनदा: 'सेन्सेए', 'अरिगातोओ'. 'सेन्सेई' नाही. लिहिताना ए आणि इ लिहितात, पण म्हणताना सहसा ए-ए असतं.

तीन, आपला 'अ'. तो जपानीत नाही. 'सकुरा' नव्हे, 'साकुरा'. पण हा आ आखूड, एका मात्रेचा.

बाकीच्यांनी भर घाला. सुरावर (वर-खाली जाणाऱ्या) मी मुद्दाम काही लिहिलं नाही, ओसाकाकर येतीलच.

---

कांजीकंटाळा

धागा मस्त. पण एक शंका. हिरागाना (जपानीची साधी अक्षरमाला) दोन आठवड्यांत येतो. मग देवनागरीची कुबडी हवीच कशाला?

---

मिसोआमटी

@कांजीकंटाळा, वाचायला नको, हिरागानाच हवा. पण हिरागाना वाचतानाही डोक्यात कुठला तरी आवाज वाजत असतो, आणि मुलांच्या डोक्यात तो रोमन अक्षरांचा वाजतो. शिवाय हिरागानाही सगळं सांगत नाही. 'को-उ-शि' अशी तीच अक्षरं लिहून व्याख्याता असेल तर 'कोओशि' म्हणायचं आणि गाईचं वासरू असेल तर को आणि उशि सुटे, 'कोउशि'. तिथे कांजीच सोडवते.

---

जुनापुणेकर

ताई, वर्णमालेचं नातं सांगायचं राहिलं. हिरागानाचा तक्ता आपल्या बाराखडीच्या घरातलाच आहे. स्वर अ-इ-उ-ए-ओ, मग ओळी क, स, त, न, ह, म, य, र, व. बौद्ध भिक्षू सिद्धम् लिपी (संस्कृत लिहायची जुनी भारतीय लिपी) आणि संस्कृतचं वर्णशास्त्र शिकत, त्यातून हा क्रम तयार झाला. कूकाइ हा जपानी भिक्षू चीनमधून ८०६ साली परतला तेव्हा सिद्धमची विद्या घेऊन आला. त्याच्याही आधी, ७३६ मध्ये, बोधिसेन नावाचा भारतीय भिक्षू जपानात पोचला होता. नाराच्या तोओदाइजि मंदिरातल्या महाबुद्धाचे डोळे उघडण्याचा विधी ७५२ मध्ये त्याच्या हस्ते झाला.

आता म्हणाल, क नंतर च हवा, तिथे स कसा? आणि म च्या आधी प हवा, तिथे ह कसा? तर जपानीतला हा 'ह' पूर्वी 'प' होता. पुरावा तक्त्यातच आहे: 'हा'वर दोन टिंबं दिली की 'बा' होतो आणि गोल दिला की 'पा'. ह घोष (मृदू) केला तर ब कसा होईल? प चाच होईल. आणि 'स' पूर्वी च-त्स च्या जवळचा असावा असं भाषाभ्यासक मानतात.

शब्दही गेलेत. सुशिचा भात म्हणजे 'शारि'. हा मुळात 'शरीर', म्हणजे बुद्धाचे अस्थी-अवशेष. पांढरे बारीक कण म्हणून भाताला चिकटला. 'नाराकु' म्हणजे नरक, आणि काबुकीच्या रंगमंचाखालच्या तळघरालाही नाराकुच म्हणतात. क्षणाचं 'सेत्सुना' झालं. 'दान्ना' म्हणजे नवरा किंवा मालक, तो आपल्या 'दान'वरून. पूर्वी मठाला दान देणारा, आता घरात पगार देणारा.

---

बेंगरूळ

शेवटचं वाक्य बायकोला वाचून दाखवलं. दान्नाची आजची भांडी ठरली.

---

ओसाकाकर

हाक मारलीत, आलो.

सुराचा नियम तोक्योच्या बोलीपुरता सोपा आहे. प्रत्येक मात्रा उंच किंवा खाली. पहिली आणि दुसरी कधी सारखी नसते, आणि शब्दात एकदा सूर उतरला की पुन्हा चढत नाही. बास. उदाहरण सगळे देतात तेच देतो. 'हाशि' पहिली मात्रा उंच, दुसरी खाली: जेवायच्या काड्या. पहिली खाली, दुसरी उंच: पूल. आणि तिसरा 'हाशि' म्हणजे कड (टोक), तोही खाली-उंच! मग पूल आणि कड यांत फरक काय? पुढे 'गा' हा प्रत्यय लावा. पुलाच्या 'गा'वर सूर पडतो, कडेच्या 'गा'वर उंचच राहतो. म्हणजे फरक शब्दात ऐकूच येत नाही, पुढच्या अक्षरात येतो. 'आमे'चंही तसं: उंच-खाली पाऊस, खाली-उंच गोळी (चघळायची). 'काकि' उंच-खाली कालवं, खाली-उंच ते केशरी फळ.

आता माझ्या गावाची गोष्ट. ओसाकात काड्या आणि पूल यांचे सूर बरोबर उलटे. आणि मियागि-फुकुशिमाचा काही भाग, इबाराकि, तोचिगि, दक्षिणेत मियाजाकि, इथल्या पारंपरिक बोलीत सुराने शब्द वेगळे करतच नाहीत. तरी त्यांचं काही अडत नाही. म्हणून माझं स्पष्ट मत, जे अनेकांना पटत नाही: नवशिक्याने सुरावर झोप उडवू नये. 'बीरु'चा 'बिरु' झाला तर वेटर गोंधळेल. 'हाशि'चा सूर चुकला तर जेवणाच्या टेबलावर कुणी तुम्हाला पूल आणून देत नाही.

---

मिसोआमटी

@ओसाकाकर, अर्धं पटलं. क्रम तुमचाच बरोबर: आधी मात्रा, मग सूर. पण "नंतर बघू" म्हटलं की सवय पक्की होते आणि मग सुटत नाही. आपण मराठी लोक वाक्यातल्या प्रत्येक शब्दाला हेल देतो. आमच्या सातारकर विद्यार्थ्यांचं जपानी दोन वाक्यांत ओळखू येतं. मी नवा शब्द देतानाच सूर देते, पण गुण कापत नाही. तोक्यो विद्यापीठातल्या लोकांनी केलेला ओजाद नावाचा मोफत ऑनलाइन सूरकोश आहे. क्रियापदाची रूपं बदलली की सूर कसा सरकतो ते त्यात दिसतं, ऐकताही येतं.

गिळलेल्या स्वरांचं राहिलंच. इ आणि उ हे क-स-त-ह-प यांच्या कचाट्यात सापडले किंवा त्यांच्यामागून वाक्याच्या शेवटी आले की कुजबुजतात. 'सुकि' (आवडतं) हे 'स्कि' ऐकू येतं, 'आशिता' (उद्या) हे 'आश्ता', 'देसु' हे 'देस्'. पण (इथे पुन्हा मात्रा!) आवाज गेला तरी जागा जात नाही. 'आश्ता' तीन मात्रांतच म्हणायचा. ओसाकाकडे हे गिळणं कमी, हो ना?

---

ओसाकाकर

हो, इथले म्हातारे 'देसु'चा उ चांगला लांबवतात. गोड वाटतं ऐकायला.

---

अबोली२३

वाचनमात्र होते, आज राहवलं नाही. मी साइतामात राहते. उच्चाराइतकाच मला शब्दांच्या छटांनी घाम फोडला, आणि मजा म्हणजे तिथेही मराठीच कामाला आली.

डॉक्टरकडे गेलात की "दुखतंय" एवढं सांगून भागत नाही, कसं दुखतंय ते विचारतात. 'जुकिजुकि' म्हणजे ठणकतंय. 'चिकुचिकु' टोचतंय. 'हिरिहिरि' चुरचुरतंय. 'गान्गान्' म्हणजे डोक्यात घण पडतायत. 'शिकुशिकु' म्हणजे पोटात मंद, चिवट दुखणं. कुठल्याशा इंग्रजी पुस्तकात या शब्दांना लहान मुलांची भाषा म्हटलेलं वाचलं होतं. काय सांगता! आपल्याकडे ठसठस, ठणठण, चुरचुर, मळमळ हे सगळं मोठी माणसंच म्हणतात. पाऊस धो धो तो 'जाआजाआ', रिमझिम तो 'शितोशितो'. छातीत धडधड 'दोकिदोकि', आभाळात गडगड 'गोरोगोरो'. मराठी माणसाने हे शब्द पाठ करू नयेत, आपल्या शब्दाशेजारी ठेवावेत.

कपड्यांचंही तसंच. शर्ट 'किरु', पँट आणि बूट 'हाकु', टोपी 'काबुरु', चष्मा 'काकेरु', अंगठी 'हामेरु'. माझी अमेरिकन मैत्रीण वैतागली होती. मी म्हटलं, आमच्याकडे साडी नेसतात, गजरा माळतात, शाल पांघरतात, चष्मा लावतात. मला काय नवल?

पाण्याला मात्र मी अडखळते. 'मिजु' हे गारच. गरम असेल तर 'ओयु'. 'गरम मिजु' म्हणालात तर कळेल, पण ऐकणारा हसेल. आणि 'सामुइ' हवेतली थंडी, 'त्सुमेताइ' हाताला लागणारा गारवा.

---

कांजीकंटाळा

अबोलीताई, भारी! क्रियापदांवरही लिहा ना. ते 'ते-मिरु', 'ते-ओकु' मला कधीच कळलं नाही.

---

अबोली२३

अरे, ते तर सगळ्यात सोपं! इंग्रजीतून शिकतोस म्हणून अवघड जातंय. 'ताबेते मिरु' म्हणजे खाऊन बघणे. मिरु म्हणजेच बघणे! 'काइते ओकु' लिहून ठेवणे, ओकु म्हणजे ठेवणे. 'ताबेते शिमाउ' खाऊन टाकणे. आणि शिमाउला जी हळहळ असते तीही आपल्याकडे आहे: 'वासुरेते शिमात्ता' म्हणजे विसरूनच बसलो. घरातून निघताना 'इत्ते किमासु' म्हणतात, शब्दशः "जाऊन येतो". इंग्रजीवाल्यांना यावर परिच्छेद लिहावा लागतो. आपली आजी "जातो" म्हटलं की ओरडायचीच.

वाक्याच्या शेवटचा 'ने' म्हणजे आपला 'ना': "छान आहे ना". 'यो' म्हणजे साधारण 'बरं का'. म्हणून साहेबाला त्याच्याच कामाबद्दल सारखं 'यो' लावून सांगू नये, शिकवल्यासारखं वाटतं.

---

बेंगरूळ

ऑफिसवर मी लिहितो, नागोयात जपानी साहेबांच्या हाताखाली आहे.

आपल्याला सगळ्यात जड जाणारी गोष्ट: बाहेरच्या माणसाशी बोलताना आपल्या साहेबाचा 'सान्' (नावामागचा आदराचा 'जी') काढून टाकायचा. ग्राहकाचा फोन आला, साहेब जागेवर नाहीत, तर "तानाका बाहेर गेलाय" असं नुसत्या आडनावाने, आणि क्रियापदही नम्रतेचं, आपली बाजू खाली ठेवणारं. आपण मराठीत बाहेरच्यासमोर साहेबांना उलट जास्तच "साहेब साहेब" करतो. पहिल्यांदा म्हणताना जीभ रेटत नाही. घरातही हेच: आपल्या आईबद्दल बाहेर बोलताना 'हाहा', तिला हाक मारताना आणि दुसऱ्याच्या आईबद्दल 'ओकाआसान्'.

'आनाता' म्हणजे 'तुम्ही' असं पहिल्या धड्यात येतं. ते तिथेच सोडा. समोरच्याचं नाव आणि सान्, किंवा काहीच नाही. आनाता जुन्या वळणाची बायको नवऱ्याला म्हणते, आपल्या 'अहो'च्या सुरात. ग्राहकाला 'अहो' म्हणताय हे लक्षात ठेवा.

'दाइजोओबु' (इथला 'जो' ज्योतीतला) सगळ्यात बेभरवशाचा. दुकानदार "पिशवी?" विचारतो, तुम्ही "दाइजोओबु" म्हणता, तर त्याचा अर्थ "नको". पडलेल्याला विचारलं तर "ठीक आहे ना?". 'केक्कोओ'सुद्धा तसाच, "उत्तम" आणि "पुरे". हात हलतोय का ते बघा. बैठकीत "मुजुकाशिइ देसु ने" म्हणजे "अवघड आहे" नव्हे, "नाही". "चोत्तो…" म्हणून वाक्य लटकवलं तरी "नाही". हे मात्र आपल्याला कळायला हवं. "उद्या जरा…" म्हणून गप्प बसणारा माणूस येणार नसतो, हे पुण्यात कुणाला सांगावं लागतं?

आणि 'हाइ' म्हणजे दरवेळी होकार नव्हे, बरेचदा आपलं फोनवरचं "हं… हं". आमच्या बंगळूरच्या टीमने एकदा सतरा 'हाइ' ऐकून काम मंजूर झालं असं धरलं होतं.

---

खवय्या

अवांतर: जपानीत पावाला 'पान्' म्हणतात म्हणे. पोर्तुगीजांकडून?

---

जुनापुणेकर

बरोबर. आपला पाव आणि त्यांचा पान् एकाच पोर्तुगीज भट्टीतले. पण इंग्रजीसारखे दिसणारे शब्द जपून घ्या. 'मान्शोन्' म्हणजे हवेली नाही, साधा फ्लॅट. 'कोन्सेन्तो' म्हणजे भिंतीतलं प्लगचं भोक. 'सुमाआतो' म्हणजे हुशार नव्हे, सडपातळ. 'बाइकिन्गु' म्हणजे हवं तेवढं वाढून घ्यायचं जेवण.

---

कांजीकंटाळा

अनुस्वाराबद्दल कुणी बोललं नाही. 'किनेन्' आणि 'किंएन्' यांत माझा हमखास घोळ होतो.

---

मिसोआमटी

चांगली आठवण केलीस. तो सुटा 'न्' म्हणजे चक्क आपला अनुस्वार आहे. पुढचं अक्षर बघून बदलतो: प-ब-म आधी म् ('सेम्पाइ'), क-ग आधी ङ्, त-द आधी न्. आपण 'अंबाडी', 'अंक', 'अंत' म्हणतो तसा, मुद्दाम काही करायचं नाही. पुढे य, श किंवा स्वर आला की घोळ. तिथे 'संयम' आणि 'संशय' म्हणा. त्यात जीभ टाळूला पूर्ण टेकत नाही, आवाज नाकातून जातो. तसाच 'होंया' (पुस्तकांचं दुकान), तसाच 'किंएन्' (धूम्रपान बंदी). जीभ टेकवून न म्हटलात की झालं 'किनेन्', म्हणजे स्मरण. मात्राही मोज: किंएन् चार, किनेन् तीन.

'फु'बद्दल एक ओळ: ओठ दातांना लावायचे नाहीत, गरम चहावर फुंकर मारतो तसं. आणि 'र' एकदाच टिचकीसारखा. घोळवून 'र्र्र' केलात तर जपानी कानाला गुंडाची भाषा वाटते.

---

पंतांचा_गोट

जानेवारीत जातोय. आडनाव जोशी. काताकानात (परदेशी नावं लिहायच्या जपानी अक्षरांत) कसं लिहू?

---

ओसाकाकर

हाहाहा. पंत, बसून घ्या. 'जोशि' ('जो' ज्योतीतला) दोन मात्रा म्हणजे मुली, महिलावर्ग. 'जोओशि' तीन मात्रा म्हणजे वरिष्ठ, साहेब. निवड तुमची.

---

मिसोआमटी

@पंतांचा_गोट, थट्टा सोडा, मराठी उच्चाराला दीर्घ ओच जवळचा आहे, तेव्हा 'जोओशि' किंवा 'जोओशिइ' लिहा. एक लक्षात ठेवा. निवासकार्डावर नाव रोमन लिपीत येतं, पण बँकेत काताकाना लागतो. तिथे जी लांबी लिहाल तीच ऑफिसच्या पगारखात्याच्या फॉर्मवर आणि फोनच्या करारावरही लिहा. एका ठिकाणी दीर्घाची आडवी रेघ आणि दुसरीकडे नाही, असं झालं तर नाव जुळत नाही आणि पैसे अडकतात.

---

पंतांचा_गोट

'जोओशि' फायनल. साहेब व्हायला आणखी कुठे एवढं सोपं असणार!